मिटवणं आणि सोडवणं



‘मिटवून टाका’ हे दोन शब्द ज्याच्या भिंतींनी ऐकले नाहीत असं कार्यालय, असा कारखाना, अशी शाळा आपल्याकडे सापडणं कठीण. दोन कारकुनांचं वाजलं, मिटवून टाका. सुपरवायझरने कामगाराला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं, मिटवून टाका. साहेबांच्या केबिनमधून एखादी बाई डोळे पुसत बाहेर आली, तरी सल्ला तोच. वाढवू नका, मिटवून टाका. आजचा विषय या दोन शब्दांच्या अगदी शेजारी राहतो, पण त्यांचा सख्खा नाही. भांडण मिटवणं वेगळं आणि सोडवणं वेगळं. मिटवलं की आवाज बंद होतो. सोडवायचं तर गाठ नेमकी कुठे बसली आहे ते चाचपावं लागतं, आणि त्यासाठी दोघांनाही बोलतं करावं लागतं.

मध्यस्थी हा शब्द इथे या दुसऱ्या अर्थाने वापरला आहे. लवाद आणि मध्यस्थ यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते, म्हणून आधी थोडा खुलासा. लवाद दोन्ही बाजू ऐकतो आणि निकाल देतो. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप झाला. एका बाजूला मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, दुसऱ्या बाजूला कामगारांमध्ये काम करणारी त्यांची सख्खी बहीण अनसूया आणि तिच्याबरोबर गांधीजी. मालक वीस टक्के वाढीवर अडून बसले होते, कामगार पस्तीस टक्क्यांवर. अखेर समेट झाला तो असा: पहिल्या दिवशी पस्तीस टक्के द्यायचे, म्हणजे कामगारांचा शब्द राहिला. दुसऱ्या दिवशी वीस, म्हणजे मालकांचा. तिसऱ्या दिवसापासून मधला साडेसत्तावीसचा दर, आणि अंतिम आकडा प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव ठरवतील. ध्रुवांनी पुढे पस्तीस टक्के दिले. ध्रुव हे लवाद. मध्यस्थाकडे असा निकाल देण्याचा अधिकार नसतो. तो फक्त अशी जागा तयार करतो, जिथे दोघं एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकतील. तडजोड काय करायची ते त्या दोघांनीच ठरवायचं, किंवा करायची नाही असंही ठरवायचं.

हे हवेत राहू नये म्हणून एक वॉर्ड डोळ्यांसमोर आणू. उदाहरण कल्पनेतलं आहे, पण इथे बसलेल्या परिचारिकांना ते ओळखीचं वाटेल.

वॉर्डच्या सिस्टर इनचार्जना वीस वर्षांचा अनुभव. नवी स्टाफ नर्स रुजू होऊन आठ महिने झालेत. एका सकाळी इनचार्जबाई रुग्णाच्या नातेवाइकांसमोर तिच्यावर कडाडतात, “तुला इंजेक्शन भरायला कुणी शिकवलं गं?” ती काही बोलत नाही. पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट लागतो, त्यात तिला तीन आठवडे नाइट. ती बोलणं बंद करते. ड्युटी बदलताना हँडओव्हर द्यायचा, तोही वहीत लिहून ठेवून निघून जाते. एका रात्री वहीतली एक ओळ वाचायची राहते आणि सात नंबरच्या खाटेवरचा डोस चुकता चुकता वाचतो.

इथे नेहमीचे रस्ते दोन. एक, मेट्रनबाईंनी दोघींना बोलावून दम द्यायचा. दुसरा, लेखी तक्रार, खुलासा, चौकशी, मेमो. तिसरा रस्ता असा: दुसऱ्याच विभागातली, दोघींपैकी कुणाचीही वरिष्ठ नसलेली, या कामाचं प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती दोघींना आधी वेगवेगळं भेटते. नवी नर्स म्हणते, “नाइटचं काही नाही हो. नातेवाइकांसमोर बोलल्या, ते लागलं. त्यानंतर तो पेशंट माझ्याकडून इंजेक्शन घेईना.” इनचार्जबाई बराच वेळ नियमांबद्दल बोलतात आणि मग थांबतात. “मागच्या वर्षी चुकीच्या डोसची चौकशी माझ्यावर झाली होती. तिच्या हातातली सिरिंज बघितली आणि माझ्या काळजाचा ठोकाच चुकला.” ही दोन वाक्यं दोघींनी एकमेकींना कधीच सांगितलेली नसतात. मग दोघी समोरासमोर बसतात. कागदावर तीन-चार ओळी उतरतात. चूक दिसली तर ड्रेसिंग रूममध्ये नेऊन सांगायची, खाटेशी नाही. हँडओव्हर तोंडी द्यायचा. ड्युटी चार्ट पंचवीस तारखेला फळ्यावर लागेल आणि सलग नाइट किती द्यायच्या ते सगळ्यांना सारखं असेल. महिन्याने पुन्हा भेटायचं. दोघींच्या सह्या.

यात जादू कुठे आहे? कुठेच नाही. फक्त वेळ साधली गेली. हेच भांडण सहा महिने चाललं असतं तर? वॉर्डात दोन गट पडले असते. जुन्या रजेचे अर्ज, जुने उशीर उकरून निघाले असते. आपल्याकडे अशा तक्रारींचं भिजत घोंगडं होतं, आणि भिजलेलं घोंगडं दर दिवशी जड होत जातं. सहाव्या महिन्यात मूळ वाक्य कुणालाच आठवत नाही, फक्त राग आठवतो.

अमेरिकेच्या टपाल खात्याला हे फार किंमत मोजून कळलं. लाखो कर्मचारी, कडक शिस्त, सुपरवायझर आणि कामगार यांच्यातला कायमचा ताण. भेदभावाच्या तक्रारी हजारोंनी साचत आणि वर्षानुवर्षं चालत. १९९४ साली फ्लोरिडा राज्यात या खात्याने एक प्रयोग सुरू केला आणि पुढे तो देशभर नेला. तक्रार कागदोपत्री पक्की होण्याआधी कर्मचाऱ्याला मध्यस्थी मागता येई. मध्यस्थ खात्याचा नोकर नसे, बाहेरचा असे. बैठक कामाच्या वेळेत होई, आणि काही वर्षांनी नव्हे तर काही आठवड्यांत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तडजोड झालीच पाहिजे असा दट्ट्या मध्यस्थाने लावायचा नाही, अशी शिस्त होती. अभ्यासकांनी हा प्रयोग वर्षानुवर्षं तपासला. औपचारिक तक्रारींचं प्रमाण घटलं. मध्यस्थाच्या वागण्याबद्दल कामगार समाधानी होते आणि सुपरवायझरही. लोकांना निकालाइतकंच, कधी त्याहून जास्त, आपलं कुणी ऐकून घेतलं याचं मोल वाटतं, हे त्यातून दिसलं. एरवी ‘वरच्याने’ माफी मागणं खात्याच्या चौकशीत जवळपास अशक्य, कारण माफी म्हणजे कबुली. बंद दाराआड, गुप्ततेची हमी असताना ती मागता येते.

म्हणजे लवकर बसणं ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मधे बसणार कोण?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला परदेशी जायची गरज नाही. परळ-लालबागला जाऊ. मुंबईच्या गिरण्यांमध्ये जॉबर नावाचा माणूस होता. कामावर घेणं त्याच्या हातात, काढणं त्याच्या हातात. बदली कामगार सकाळी दारात उभे राहत, त्यातल्या कुणाला आत सोडायचं तेही तोच ठरवी. त्याबद्दल तो दस्तुरी घेई. बायकांच्या वाइंडिंग आणि रिळाच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. चहापेक्षा किटली गरम म्हणतात ती ही. आणि कामगारांचं भांडण झालं, कुणाला मास्तरने त्रास दिला, तर मधे पडणाराही तोच! ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याचकडे दाद. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात सांगितलं की भरतीचा अधिकार जॉबरच्या हातातून काढा आणि गिरण्यांमध्ये कामगार अधिकारी नेमा. मुंबई सरकारने १९३४ मध्ये औद्योगिक तंट्यांच्या समेटाचा कायदा केला आणि सरकारी कामगार अधिकाऱ्याचं पद निर्माण झालं. त्याने कामगारांची गाऱ्हाणी ऐकायची आणि मालकांपुढे मांडायची. लाल बावट्याच्या कार्यकर्त्यांना हा संघटनेला बगल देण्याचा मार्ग वाटला, आणि त्या शंकेत तथ्य होतं. पण एक गोष्ट तेव्हा कायद्याने मान्य केली: गाऱ्हाणं ऐकणारा माणूस खात्यातल्या सत्तेच्या साखळीबाहेरचा हवा.

आणि ऐकणारा बाहेरचा असून भागत नाही. ज्यांचं भांडण आहे त्यांची माणसं टेबलाशी बसायला हवीत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मात्र वाटाघाटी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच मान्यताप्राप्त संघटनेचा. कामगारांचा विश्वास एकीकडे, कायद्याची खुर्ची दुसरीकडे. सलोख्याच्या चर्चेला बसायचं कुणी? तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्याची इतर कारणं पुष्कळ आहेत, मालकांची गणितं होती, जमिनी होत्या. तरीही गिरणगावातल्या घरांमधून आजही जी कळ उठते, तिच्यात हीसुद्धा आहे की आमच्या माणसाला कुणी समोर बसवलंच नाही.

आता पुन्हा त्या वॉर्डात जाऊ, आणि एकच गोष्ट बदलू. इनचार्जबाईंच्या जागी एक पुरुष वरिष्ठ आहे. तो कडाडत नाही. औषधांच्या खोलीत खांद्यावर हात ठेवतो, रात्री अकराला मेसेज पाठवतो, आणि उत्तर आलं नाही की चार्टमध्ये नाइट वाढतात.

तेच टेबल, त्याच दोन खुर्च्या, तोच मध्यस्थ चालेल?

नाही चालणार. पहिल्या प्रसंगात दोघींचीही काही बाजू होती. इथे बाजू नाही, इथे कृत्य आहे. ‘दोघांनी थोडं थोडं मागे या’ हे वाक्य इथे अन्यायाचं होतं. ती मागे येणार म्हणजे कुठे येणार?

भारतीय कायदा इथवर कसा पोचला ते विसरू नये. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी ही सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करायची. बालविवाह थांबवायचा प्रयत्न तिने केला, तो तिच्या कामाचाच भाग होता, आणि १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या पार्श्वभूमीवर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ ला न्या. जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या खंडपीठाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा विशाखा निकाल दिला. संसदेचा कायदा यायला आणखी सोळा वर्षं लागली, तो २०१३ मध्ये आला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष महिला हवी, किमान निम्म्या सदस्य महिला हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. बाहेरचा सदस्य का, हे जॉबरची गोष्ट आठवली की वेगळं सांगावं लागत नाही.

याच कायद्यात दहावं कलम आहे, समेटाचं. ते शांतपणे वाचण्यासारखं आहे. चौकशी सुरू होण्याआधी समितीला समेटाचा प्रयत्न करता येतो, पण तक्रारदार महिलेने विनंती केली तरच. व्यवस्थापनाने सुचवलं म्हणून नाही, त्या पुरुषाला हवं म्हणून नाही. पैशांची देवाणघेवाण हा समेटाचा आधार असू शकत नाही. जे ठरेल ते समितीने लिहून ठेवायचं आणि प्रत दोघांना द्यायची. आणि ठरलेलं त्याने पाळलं नाही, तर चौकशीचं दार पुन्हा उघडतं.

पैशाला बंदी का? कारण पैसे दिले की विषय संपला, असं देणाऱ्याला वाटतं आणि घेणारीबद्दल लोक उरलेलं आयुष्य बोलत राहतात.

या कलमाला विरोधही झाला, आणि तो साध्या माणसांनी केला नाही. विशाखा निकाल देणारे न्या. वर्माच २०१३ च्या जानेवारीत बलात्कारविषयक कायद्यांचा आढावा घेणाऱ्या समितीचे प्रमुख होते. लैंगिक छळाच्या तक्रारीत समेटाची भाषा आणणं हे स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारं आहे, असा आक्षेप त्या समितीने घेतला. त्या आक्षेपाकडे डोळेझाक करून या व्यासपीठावरून मध्यस्थीचा पुरस्कार करणं अप्रामाणिकपणाचं होईल. ‘समेट’ या शब्दाखाली तोंड दाबून बुक्क्यांचा मार किती जणींनी सोसला असेल, याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडणार नाही.

तरीही ते कलम काढून टाकावं असं म्हणवत नाही. कारण अनेक जणींना चौकशी नको असते, हवं असतं ते फक्त थांबणं. मेसेज थांबले पाहिजेत, तो शेरा थांबला पाहिजे, चार्ट पूर्ववत झाला पाहिजे, आणि हे सगळं आपलं नाव गावभर न होता. ही मागणी खोटी नाही, लहानही नाही. पहिल्या मेसेजला, पहिल्या शेऱ्याला हा रस्ता उपयोगाचा. अंगावर हात टाकला गेला तिथे तो बंद असायला हवा. तिथे समिती आणि पोलीस, आणि पोलिसांत जायचं असेल तर तिला मदत करणं हे कायद्याने मालकाचं कर्तव्य आहे. यात एक खाच मात्र राहिली आहे. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा यांसारखी तात्पुरती सोय कायद्याने चौकशी चालू असतानासाठी दिली आहे. समेट मागणारीने तोवर त्याच औषधांच्या खोलीत उभं राहायचं का? समित्यांनी आणि मालकांनी हे आपणहून केलं पाहिजे: आधी अंतर ठेवा, मग बोला.

उशीर कुणाच्याच कामाचा नाही, आणि घाईतूनही शेवटी उशीरच निघतो, हे गोव्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रकरणावरून दिसतं. तक्रारी २००९ च्या. समितीने घाईघाईने कामकाज उरकलं, आरोप असलेल्या प्राध्यापकाला नोकरीवरून काढलं गेलं. प्रकरण वर गेलं, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही म्हणून ते पुन्हा समितीकडेच पाठवलं. चौदा वर्षांनी सगळे पुन्हा २००९ मध्ये! तक्रार केलेल्या मुली एव्हाना किती मोठ्या झाल्या असतील. त्याच निकालात न्यायालयाने देशभर समित्या नीट नेमल्या गेल्या आहेत का, याची तपासणी करायला सांगितलं. कायदा येऊन तेव्हा जवळजवळ दहा वर्षं झाली होती.

छळ लैंगिक नसेल, नुसती दादागिरी असेल, रोजचा पाणउतारा असेल, तर? त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, एवढं औद्योगिक संबंध संहितेत आहे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने मध्यस्थीला देशपातळीवर चौकट दिली, गुप्ततेला संरक्षण दिलं. चौकटी आहेत. त्या चौकटीत बसणाऱ्या माणसांची तयारी करून घेणं हे खरं काम, आणि त्यावर कुणी पैसा खर्च करत नाही. दोन दिवसांचं शिबिर झालं, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले, की झालं.

चौकटीत माणसांऐवजी आकडे बसले की काय होतं, याचा आपल्या राज्याचा एक अनुभव हाताशी आहे. २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटेचे, भावकीचे किती तरी वाद चावडीवर बसून सुटले, कोर्टाच्या खेपा वाचल्या. मोहिमेचं ते ऋण मान्य करायला हवं. पण बक्षीस होतं, गुण होते, आणि किती तंटे मिटले याची मोजदाद होती. आकडा मोजायला लागलं की ‘मिटवून टाका’ परत येतं. ज्या कंपनीच्या वार्षिक अहवालात ‘तक्रारी: शून्य’ असं अभिमानाने छापलेलं असतं, तिथे शून्याचा अर्थ विचारला पाहिजे. भांडण नाही, की सांगायला जागा नाही?

शेवटी एका अशा कामाच्या जागेबद्दल, जिला दारच नाही. ऊसतोड. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामाला जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सोडून जाता येत नाही. राहायला फडाजवळची कोपी, पहाटे अंधारात तोड, मग मोळ्या गाडीत भरणं. तिथे बाईला कुणी त्रास दिला तर दाद कुणाकडे? मुकादमाकडे. त्रास मुकादमानेच दिला असेल तर? कुंपणच शेत खातं तेव्हा शेताने काय करावं? शंभर वर्षांपूर्वीचा जॉबर नाव बदलून उसाच्या फडात उभा आहे.

कायद्याने तिलाही वगळलेलं नाही. असंघटित कामगार महिलेसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमायचा, त्याने तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत समितीकडे पाठवायची, हे सगळं लिहिलेलं आहे. पण तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, फार तर आणखी तीन, आणि ती ज्या तालुक्यात ऊस तोडते तो तिचा तालुका नाही. तिथल्या अधिकाऱ्याचं नाव तिला कोण सांगणार?

साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, फडावर रोज येतो. तोडीच्या चिठ्ठ्या त्या फडात रोज फिरतात. त्या चिठ्ठीवर तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत छापता येईल. कारखान्याच्या शेतकी विभागाला हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक टोळीतून कोयत्यावरची एक बाई निवडून तिला त्या अधिकाऱ्याशी प्रत्यक्ष भेटवता येईल, मुकादम समोर नसताना. याला नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचं एक पत्र आणि कारखान्यांची तयारी एवढंच लागतं. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. या मागणीच्या अर्जाचा मसुदा सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे. ज्यांचे कारखान्यांशी, टोळ्यांशी, तहसील कचेरीशी संबंध आहेत, त्यांनी व्याख्यानानंतर दहा मिनिटं थांबावं आणि तो वाचून आपल्या तालुक्याचं नाव त्यावर लिहून जावं.